इंजेक्शन सापडत नाही, गोळी परवडत नाही: ताईच्या हृदयाच्या औषधांबद्दल

भिवापूर तालुक्यातल्या एका भावाने विचारलं आहे. ताई ३६ वर्षांची. लहानपणी सांधे धरून ताप यायचा, त्यातून हृदयाची मायट्रल झडप खराब झाली आणि नागपुरात ऑपरेशन होऊन धातूची झडप बसली. ताज्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाचं पंपिंग ३० टक्के, म्हणजे बरंच कमी आलं आहे. रोज वॉरफेरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी), मेटोप्रोलॉल, स्पायरोनोलॅक्टोन, डॅपाग्लिफ्लोझिन आणि सॅक्युबिट्रिल-वलसार्टन. शिवाय दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचं १२ लाख युनिटचं इंजेक्शन. इंजेक्शन भिवापूर-उमरेडला मिळत नाही. वॉरफेरिन कधी मिळते, कधी नाही. दुकानदार म्हणतो, त्याऐवजी नवीन गोळी घ्या, तिला सारखं रक्त तपासावं लागत नाही. सॅक्युबिट्रिल परवडत नाही म्हणून महिन्याच्या शेवटी ताई ती बंद ठेवते आणि घरात उरलेली जुनी एनालाप्रिल घेते. नागपुरात कुठे शोधू आणि खर्च कसा कमी करू, असा भावाचा प्रश्न आहे.

दादा, मी फार्मासिस्ट आहे. हृदयरुग्णांची औषधं देण्यात आणि त्यांच्यासाठी औषधं शोधण्यात माझी बरीच वर्षं नागपूरच्या धंतोलीत गेली. कुठे शोधायचं ते सविस्तर सांगतोच, पण त्याआधी दोन गोष्टी आजच थांबवा.

पहिली, एनालाप्रिलची अदलाबदल. एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल अशी ‘प्रिल’वर संपणारी कुठलीही गोळी आणि सॅक्युबिट्रिल यांच्यात किमान ३६ तासांचं अंतर लागतं. हिच्यावरून तिच्यावर जाताना आणि परत येतानाही. दोन्ही औषधांमुळे शरीरात ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ साठतो. दोन्ही एकदम पोटात गेली तर ओठ, जीभ, घसा सुजून श्वास अडकू शकतो. आजवर काही झालं नाही म्हणजे पुढेही होणार नाही असं धरू नका. घरातली एनालाप्रिलची स्ट्रिप काढून वेगळी ठेवा, पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा आणि कधी, किती दिवस घेतली ते खरं सांगा. चेहरा किंवा जीभ सुजायला लागली तर कोणाला विचारत बसू नका, सरळ १०८ ला फोन करा.

दुसरी, रक्त पातळ करणारी ‘नवीन गोळी’. डॅबिगॅट्रान, रिव्हारॉक्सॅबॅन, अपिक्सॅबॅन ही औषधं चांगली आहेत, हजारो लोक ती घेतात, पण धातूच्या झडपेसाठी ती नाहीत. धातूची झडप असलेल्या रुग्णांवर डॅबिगॅट्रानची चाचणी घेतली गेली आणि ती मध्येच थांबवावी लागली, कारण गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही. तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये छापून आले. पुढे अपिक्सॅबॅनची चाचणीही अशीच थांबवली गेली. दुकानदाराचा हेतू वाईट नसेल, त्याला ताईच्या झडपेबद्दल माहीत नसेल. पण हा बदल घातक आहे. आणि वॉरफेरिन मिळाली नाही म्हणून चार दिवस बिनगोळीचे काढणं त्याहून वेगळं नाही. मायट्रलच्या जागेवरची धातूची झडप गुठळीने अडकली तर वेळ मिनिटांत मोजावी लागते. ताईच्या यादीतलं एकच औषध अजिबात चुकायचं नाही असं म्हणाल, तर ते हे.

आता शोधण्याकडे येऊ. ‘मिळत नाही’ हे उत्तर दुकानदार तीन अगदी वेगळ्या कारणांनी देतो, आणि कारण कळल्याशिवाय धावपळ केली तर अख्खा दिवस जातो. एक म्हणजे त्या दुकानात ते खपत नाही म्हणून तो ठेवत नाही. औषध मात्र नागपुरात ढिगाने पडलेलं असतं. दुसरं, त्या कंपनीचा माल सध्या आलेला नाही, पण तेच औषध दुसऱ्या कंपनीचं आहे. तिसरं, औषधाचाच खरा तुटवडा आहे. तुमची वॉरफेरिन पहिल्या-दुसऱ्या प्रकारात मोडते, पेनिसिलीन तिसऱ्यात. सॅक्युबिट्रिल यातल्या कशातच नाही. ती मिळते, प्रश्न पैशाचा आहे. म्हणून तिन्हींचे रस्ते वेगळे.

वॉरफेरिनचं सांगतो. तालुक्याच्या दुकानदाराने एक डबा मागवला आणि त्यातल्या दोनच स्ट्रिप विकल्या गेल्या, तर उरलेल्या एक्स्पायरीला जाऊन त्याचे पैसे अडकतात. गोळी इतकी स्वस्त आहे की त्या दोन स्ट्रिपवर त्याला सुटतंही फारसं काही नाही. त्यामुळे ‘ठेवत जा हो’ अशी विनंती करून काही होत नाही. त्याला पक्की मागणी द्या. ‘दर महिन्याच्या ५ तारखेला या कंपनीची, या ताकदीची एवढी गोळी मी नेणार, हे पैसे आगाऊ घ्या’ असं सांगा. गावोगावचे दुकानदार नागपूरच्या स्टॉकिस्टांकडून (दुकानांना माल पुरवणाऱ्या ठोक विक्रेत्यांकडून) आठवड्यात अनेकदा माल मागवतात, त्यात ही एक स्ट्रिप सहज येते. अनेक दुकानांत आता संगणकावर कोणत्या स्टॉकिस्टाकडे किती साठा आहे तेही दिसतं. त्याला तिथेच पाहायला सांगा. ‘नाही’ हे त्याच्या कपाटावरून आलेलं उत्तर आहे की स्टॉकिस्टाच्या साठ्यावरून, एवढं विचारलं तरी निम्मा उलगडा होतो.

वॉरफेरिनच्या बाबतीत आणखी तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. शक्यतो एकाच कंपनीची गोळी चालू ठेवा. कंपनी बदलावीच लागली तर डॉक्टरांना कळवा आणि आठवड्याभरात आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी रक्ततपासणी) तपासा. मायट्रल जागेच्या धातूच्या झडपेला तो साधारण २.५ ते ३.५ हवा असतो, ताईचा नेमका आकडा तिच्या फाइलवर लिहिलेला असेल. दुसरं, डोस ‘एक गोळी’ असा सांगू नका, मिलिग्रॅममध्ये सांगा. ३ मिलिग्रॅमची गोळी नसेल तर १ आणि २ ची मिळून डोस जुळवता येतो, पण घरात प्रत्येकाला आकडा पाठ हवा. ‘एक गोळी’च्या नादात ३ ऐवजी ५ मिलिग्रॅम गेल्याने हॉस्पिटलात भरती झालेली माणसं मी पाहिली आहेत. तिसरं, आपल्याकडे याच कामाचं दुसरं एक जुनं औषध खूप चालतं, ॲसिनोकौमरॉल. चिठ्ठीवर ते ॲसिट्रॉम किंवा निकौमॅलोन अशा नावानेही दिसेल. ते धातूच्या झडपेला चालतं, पण वॉरफेरिनच्या जागी तेवढेच मिलिग्रॅम देऊन चालत नाही. त्याचा डोस साधारणपणे बराच कमी असतो आणि शरीरातून ते लवकर निघून जातं. वॉरफेरिन तुमच्याकडे वारंवार तुटत असेल तर कायमचं ॲसिनोकौमरॉलवर नेता येईल का, हे डॉक्टरांना अवश्य विचारा. पण ही बदली त्यांच्या देखरेखीखाली, आयएनआर पाहत पाहत व्हायला हवी. काउंटरवर होणारं हे काम नाही.

घरात वॉरफेरिनचा पंधरा दिवसांचा साठा कायम राखून ठेवा. नवीन स्ट्रिप आली की जुनी आधी वापरायची. पावसाळ्यात रस्ता बंद झाला, दुकानदार लग्नाला गेला, तरी ताईची गोळी चुकायला नको.

आता पेनिसिलीन. यावर जरा थांबून बोलायला हवं, कारण तुम्हाला वाटतंय तेवढी शोधाशोध कदाचित करावीच लागणार नाही.

बेन्झाथिन पेनिसिलीन हे सत्तरहून अधिक वर्षांचं जुनं औषध. ज्यांना सांध्यांच्या तापातून झडपेचा आजार झाला त्यांना घशाच्या ज्या जंतुसंसर्गातून तो ताप येतो तोच पुन्हा होऊन झडप आणखी बिघडू नये म्हणून ते वर्षानुवर्षं द्यावं लागतं. पेटंट नाही, किंमत सरकारने बांधलेली, नफा नगण्य. कच्चा माल बनवणारे कारखाने जगात मोजकेच, आणि पेनिसिलीनसाठी लागणारी वेगळी उत्पादन व्यवस्था एवढ्या कमी किमतीत उभी ठेवायला फार कंपन्या तयार नसतात. त्यामुळे एखाद्या ठिकाणी पुरवठा खंडला की देशभर कुप्या दिसेनाशा होतात. त्यात दुकानदार आणि दवाखाने दोघेही रिॲक्शनच्या भीतीने हात आखडता घेतात. स्वस्त असल्यामुळेच दुर्मीळ झालेल्या औषधांपैकी हे एक, आणि याची झळ ताईसारख्या खेड्यापाड्यांतल्या रुग्णांनाच बसते याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पण ताईच्या बाबतीत आधी डॉक्टरांना एक प्रश्न विचारा: ‘इंजेक्शनऐवजी पेनिसिलीनच्या गोळ्या चालतील का?’ याला दोन कारणं आहेत. ताई वॉरफेरिनवर आहे. स्नायूत खोल दिलेल्या इंजेक्शनने आत रक्त साकळू शकतं, म्हणून आयएनआर पाहून आणि नंतर बराच वेळ दाबून धरूनच ते द्यावं लागतं. दुसरं कारण अधिक महत्त्वाचं आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने जानेवारी २०२२ मध्ये एक सल्ला प्रसिद्ध केला. ज्यांची झडप फार खराब आहे किंवा पंपिंग कमी झालं आहे, अशा रुग्णांमध्ये इंजेक्शननंतर लगेच झालेल्या काही मृत्यूंचं कारण ॲलर्जी नसून त्या क्षणी हृदयावर आलेला ताण असावा, असं त्यात म्हटलं आहे. अशा रुग्णांसाठी तोंडाने घ्यायच्या औषधाचा गंभीरपणे विचार करावा, अशी त्यांची शिफारस आहे. ताईचं पंपिंग ३० टक्के आहे, म्हणजे हा सल्ला तिला लागू होतो. निर्णय अर्थात तिच्या हृदयरोगतज्ज्ञांचा, पण प्रश्न तुम्ही काढला पाहिजे. मागच्या चिठ्ठीवरचं इंजेक्शन पुढच्या चिठ्ठीवर आपोआप उतरत जातं, आणि गर्दीच्या ओपीडीत त्यावर पुन्हा विचार व्हायचा राहून जातो.

गोळ्यांवर गेलं तर त्या रोज दोनदा, न चुकता घ्याव्या लागतील. इंजेक्शन एकदा दिलं की तीन आठवड्यांची काळजी मिटते. गोळी चुकली की संरक्षणाला खिंडार पडतं. याही गोळ्या सगळीकडे मिळत नाहीत, तेव्हा वर सांगितल्याप्रमाणे दुकानदाराला पक्की मागणी द्या. आणि पेनिसिलीनची ॲलर्जी निघाली म्हणून कोणी एरिथ्रोमायसिन लिहिलं, तर ‘वॉरफेरिन चालू आहे’ हे लगेच सांगा. त्याने आयएनआर वाढतो.

डॉक्टरांनी इंजेक्शनच चालू ठेवायचं ठरवलं, तर पहिला फोन भिवापूरच्या ग्रामीण रुग्णालयात करा. हेच इंजेक्शन गरोदरपणातल्या सिफिलिससाठीही लागतं, म्हणून सरकारी साखळीत ते खाजगी दुकानांपेक्षा अधिक भरवशाने येतं. तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष भेटा, ताईची फाइल दाखवा, पुढच्या सहा महिन्यांच्या तारखा लिहून द्या. ‘पेशंट नियमित आहे, अमुक तारखांना लागणार’ असं कागदावर असलं की औषध भांडाराला मागणीत ते धरता येतं. साठा नसेल तर स्थानिक खरेदीचाही मार्ग असतो. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत, त्यामुळे खर्चाचा प्रश्नही नाही. ताईला इंजेक्शन कायम रुग्णालयातच द्या, झोपवून, आणि नंतर अर्धा तास तिथेच बसवून ठेवा. गावातल्या डॉक्टरांच्या खोलीत नको.

नागपुरात शोधायचं झालं तर असं करा. मेडिकल चौक, रामदासपेठ, धंतोली या भागांतली, विशेषतः हृदयरोग रुग्णालयांना लागून असलेली दुकानं ही औषधं ठेवतात, कारण लिहिणारे डॉक्टर तिथेच बसतात. सर्वांत आधी ताईच्या डॉक्टरांच्या दवाखान्याला लागून असलेल्या दुकानात फोन करा; जे औषध तिथे रोज लिहिलं जातं ते तिथे असतंच. मिळालं नाही तर चिठ्ठीचा फोटो पाठवून त्यांना विचारा, ‘याचा नागपूरचा स्टॉकिस्ट कोण?’ स्ट्रिपवर किंवा खोक्यावर कंपनीचा ग्राहक सेवा क्रमांक छापलेला असतो, तिथेही हेच विचारता येतं. डॉक्टरांच्या मदतनिसाकडे कंपनीच्या एमआरचा (विक्री प्रतिनिधीचा) नंबर असतो; अवघड औषधाच्या बाबतीत एमआरचा एक फोन दहा दुकानं फिरण्यापेक्षा लवकर काम करतो.

गांधीबागेतल्या संदेश दवा बाजारात जाऊन या, असं तुम्हाला कोणीतरी सांगेलच. तिथे ठोक व्यापारी आहेत. ठोक परवान्यावर थेट रुग्णाला औषध विकता येत नाही, म्हणून तुम्हाला परत पाठवलं तर राग मानू नका. गंजाखेत चौकातून रिकाम्या हाताने परतणारी गावाकडची माणसं पाहून वाईट वाटतं. तिथून माल आणायचं काम तुमच्या दुकानदाराचं आहे. तुम्ही फक्त स्टॉकिस्टाचं नाव त्याच्यापर्यंत पोहोचवा.

ऑनलाइन मागवायला हरकत नाही, पण चिठ्ठी मागणारी, बिल देणारी, परवाना क्रमांक दाखवणारी सेवाच घ्या. भिवापूरच्या पिनकोडला माल येतो का ते आधी पाहा, आणि वॉरफेरिनसाठी ऐनवेळी ऑनलाइनवर विसंबू नका. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ‘माझ्याकडे आहे, कुरिअर करतो’ म्हणणाऱ्याकडून काहीही घेऊ नका. नागपूर जिल्ह्यात सरकारी रुग्णालयांना बनावट अँटिबायोटिक गोळ्या पुरवल्याच्या प्रकरणात २०२४ मध्ये आरोपपत्र दाखल झालं, ते तुम्ही वाचलं असेल. सरकारी खरेदीत हे होऊ शकतं, तर अनोळखी पार्सलची काय खात्री? बॅच नंबर आणि एक्स्पायरी लिहिलेलं पक्कं बिल हा तुमचा एकमेव पुरावा असतो. देशातल्या ठरावीक ३०० ब्रँडवर ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड सक्तीचा आहे. तो असेल तर स्कॅन करून पाहा.

आता पैशाचं बोलू.

सॅक्युबिट्रिल-वलसार्टनचं भारतातलं पेटंट जानेवारी २०२३ मध्ये संपलं. तोवर ही गोळी मोजक्या ब्रँडमध्येच मिळायची आणि महाग होती. त्यानंतर अनेक भारतीय कंपन्यांनी ती काढली आणि भाव खूप उतरले. पण २०२३ च्या आधी जो ब्रँड लिहिला गेला तोच आजही चिठ्ठीवर येत असेल, तर तुम्ही जुन्याच दराने पैसे मोजत असाल. दुकानदार आपल्या मनाने ब्रँड बदलून देऊ शकत नाही. औषध नियमांप्रमाणे चिठ्ठीवर जे नाव आहे तेच त्याने द्यायचं, घटक तोच असला तरी दुसरं नाही. म्हणून बदल चिठ्ठीवर व्हायला हवा. डॉक्टरांना सरळ सांगा: ‘साहेब, ही परवडत नाही, महिन्याच्या शेवटी बंद राहते. स्वस्त कंपनीची चालत असेल तर घटकाच्या नावाने लिहून द्या.’ गोळी बंद राहते हे कळल्यावर कोणताही समंजस डॉक्टर रागावणार नाही, उलट बाकीचे डोसही तपासून पाहील. लाजू नका. ताईचं पंपिंग का सुधारत नाही याचा डॉक्टर विचार करत असतील, आणि महिन्यातले आठ दिवस गोळी बंद असते हे त्यांना कोणी सांगितलंच नसेल.

तुलना करताना स्ट्रिपची किंमत पाहू नका. कुणाची स्ट्रिप ७ ची, कुणाची १० ची, कुणाची १४ ची असते. एका गोळीचा भाव काढा आणि त्याला ६० ने गुणा, कारण दिवसाला दोन. गोळीमागे २० रुपये वाचले तर महिन्याला १,२०० वाचतात. ताकद तीच आहे ना, तेही पाहा. खोक्यावर ५०, १०० किंवा २०० मिलिग्रॅम लिहिलेलं असतं, आणि त्याखाली दोन्ही घटकांची फोड असते: ५० मध्ये २४ आणि २६, १०० मध्ये ४९ आणि ५१, २०० मध्ये ९७ आणि १०३. एका चिठ्ठीवर ५०, दुसरीवर २४/२६ दिसलं म्हणून डोस बदलला असं समजू नका.

जनऔषधी केंद्राची औषधं चालतील का, असं लोक दबक्या आवाजात विचारतात. चालतात. जनऔषधी सुगम नावाच्या ॲपवर औषधाचं घटकनाम टाकलं की यादीत आहे का, भाव काय आणि जवळचं केंद्र कुठे हे दिसतं. १८०० १८० ८०८० वर फोन करूनही विचारता येतं. मेटोप्रोलॉल, स्पायरोनोलॅक्टोन यांसारख्या जुन्या गोळ्यांसाठी तर मी पहिल्यांदा तिकडेच पाहायला सांगेन. डॅपाग्लिफ्लोझिनचंही पेटंट संपलं आहे, तिच्यासाठी महागडा ब्रँड घेण्याचं कारण उरलेलं नाही. फक्त वॉरफेरिन वेगळी ठेवा; जिथून सुरू आहे तिथूनच, एकाच कंपनीची. मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या आवारात असणाऱ्या अमृत फार्मसीतही ब्रँडेड औषधांवर चांगली सूट मिळते. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे. जुन्या छापील किमतीवर जुनाच हिशेब लावला जात नाही ना, ते बिलावर बघा.

एवढं करूनही सॅक्युबिट्रिल झेपत नसेल, तर एनालाप्रिलवर कायमचं परत जाणं हा सन्मानाचा पर्याय आहे. सॅक्युबिट्रिल सरस आहे, यात वाद नाही. २०१४ साली छापल्या गेलेल्या आठ हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत एनालाप्रिलच्या तुलनेत तिने हृदयविकाराने होणारे मृत्यू आणि हार्ट फेल्युअरने भरती होणं मिळून सुमारे २० टक्क्यांनी कमी केलं. पण ती तुलना रोज, पूर्ण डोसमध्ये घेतलेल्या एनालाप्रिलशी होती, आणि एनालाप्रिलने जीव वाचतात हे १९८७ आणि १९९१ च्या चाचण्यांपासून सिद्ध आहे. बावीस दिवस सॅक्युबिट्रिल आणि आठ दिवस काहीतरी उरलंसुरलं, यापेक्षा तीसही दिवस डॉक्टरांनी ठरवलेली एनालाप्रिल बरी. मध्ये ३६ तास सोडून, रक्तदाब आणि पोटॅशियम तपासून, डॉक्टरांनी सांगितलेल्या डोसपासून.

पैसे वाचवण्यासाठी गोळ्या अर्ध्या करायच्या असतील तर प्रत्येक गोळीबद्दल आधी विचारा. हळूहळू विरघळणारी मेटोप्रोलॉल मधल्या खाचेवर मोडता येते, पण चावून किंवा कुटून घ्यायची नाही. दुसरं एक, डॅपाग्लिफ्लोझिन चालू असताना जुलाब-उलट्या झाल्या, खाणंपिणं सुटलं, तर त्या दिवशी डॉक्टरांना फोन करा. ती काही दिवस थांबवावी लागू शकते. आणि ताईला पुढे मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, कारण सॅक्युबिट्रिल आणि वॉरफेरिन दोन्हींचा गर्भाला धोका आहे.

योजनांबद्दल थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन, भरती आणि घरी सोडल्यानंतरच्या काही दिवसांची औषधं मिळतात. महिनोन्महिने लागणाऱ्या गोळ्यांचा खर्च त्यातून निघत नाही. मुख्यमंत्री वैद्यकीय सहायता निधीही मुख्यतः मोठ्या उपचारांसाठी आहे. म्हणून त्यांच्या मागे लागण्यापेक्षा नागपूरच्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयाच्या किंवा मिहानमधल्या एम्सच्या हृदयरोग ओपीडीत ताईचं नाव नोंदवा. तिथे साठ्यातली औषधं मिळतात, आणि समाजसेवा अधीक्षकांना भेटलं तर न मिळणाऱ्या औषधांसाठी ते ट्रस्टकडून मदत मिळवून द्यायचा प्रयत्न करतात. तुमच्या घरात कोणी कारखान्यात किंवा कंपनीत नोकरीला असून ईएसआयसीचा विमेदार असेल आणि ताई त्याच्यावर अवलंबून म्हणून नोंदवता येत असेल, तर तेही तपासा. तिथे रोजची औषधंही मिळतात. नागपूरला यायचं तर ओपीडी, आयएनआर आणि औषधं एकाच दिवशी उरका. ताईला एसटीत अर्धं तिकीट आहेच. मधले आयएनआर उमरेडला करून निकाल फोनवर कळवायची सोय डॉक्टरांकडून मागून घ्या. एका खेपेचं भाडं आणि बुडालेली मजुरी मिळून बऱ्याचदा औषधापेक्षा जास्त होते.

शेवटी तक्रारीबद्दल. पेनिसिलीनसारखं औषध कुठेच मिळत नसेल तर राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाच्या १८०० १११ २५५ या क्रमांकावर ते नोंदवा. किंमत बांधलेलं औषध बंद करायचं तर कंपनीला सहा महिने आधी सूचना द्यावी लागते, आणि तुटवड्याच्या तक्रारींवरून हे प्राधिकरण कंपन्यांकडे विचारणा करतं. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागितले किंवा बिल नाकारलं, तर अन्न व औषध प्रशासनाचा राज्याचा क्रमांक १८०० २२२ ३६५ आहे. फोन करताना औषधाचं नाव, ताकद, कंपनी, कोणत्या दुकानांत आणि कोणत्या तारखांना विचारलं हे समोर लिहून ठेवा. नुसतं ‘मिळत नाही’ म्हटलं तर पुढे काही सरकत नाही.

उद्या सकाळी आधी ताईच्या डॉक्टरांना फोन करा. एनालाप्रिलचं सांगा, गोळ्यांच्या पेनिसिलीनचं विचारा आणि नवीन चिठ्ठी घटकांच्या नावाने मागा. ती हातात आली की कोणतं औषध अडतंय ते इथे लिहा. नागपुरात ते कोणाकडे आहे हे शोधायला मी मदत करतो.